नियमात बसलेला उतार

धाकट्यानं बांधलेला उतार पालिकेच्या तपासणीत पहिल्याच फटक्यात पास झाला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बिल्डिंग उभी राहिल्यापासून तिच्यातली एखादी गोष्ट पहिल्यांदाच नियमात बसली.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही. खुद्द धाकट्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल, फक्त सांगताना दुसरीकडे बघेल. कारण त्याला उतार बांधायचाच नव्हता. त्याला एक वायसर बदलायचा होता.

वायसर म्हणजे नटाखाली बसते ती नखाएवढी चकती. दादाच्या गाडीच्या पोटाखाली, ऑइलच्या चेंबरला असा एक नट होता आणि तिथून थेंब थेंब ऑइल गळत होतं. गाडी स्पोर्ट्सची. लाल, दोनच सीटची, आणि जमिनीला इतकी लगटून चालणारी की रस्त्यात पेन्सिल पडलेली असली तरी दादा आधी उतरून बघायचा, ओलांडता येईल का. वहिनी तिला सवत म्हणायची. "दोनच तर सीटा," ती म्हणायची, "आणि त्यातल्या एकीवर कायम पुसायचं फडकं बसलेलं."

या गाडीला हात लावायची धाकट्याला परवानगी नव्हती. धुवायची होती.

तर त्या दादाची बदली झाली. लांब. रविवारी दुपारी वहिनी सामानाबरोबर निघणार, आणि दादा गाडी घेऊन मागोमाग. रोज रात्री बाजूच्या खोलीतून येणारं दादाचं घोरणं रविवारनंतर येणार नव्हतं, आणि याचं आपल्याला काही वाटत नाही असं धाकटा दिवसातून बऱ्याचदा स्वतःला सांगत होता. अशात एका सकाळी दाढी करता करता, आरशातून, दादा म्हणाला, "धाकट्या, ऑइलचं तेवढं बघ. गळत असताना मी गाडी बाहेर काढणार नाही. थांबलं तर रविवारी सकाळी तलावापर्यंत जाऊन येऊ. तू चालव."

तू चालव! धाकट्यानं दादाचे शर्ट वापरले होते, दादाची पुस्तकं वापरली होती, दादाच्या सायकलवर तर दादाचं नाव घेऊनच तो पडायला शिकला होता. पण दादाचं मन भरायच्या आत त्याच्या हातात आलेली ही पहिलीच गोष्ट. त्या सकाळी तो ऑफिसात पोचला तेव्हा त्याच्या पायांत वेगवेगळ्या जोडांचे मोजे होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. तिथल्या साहेबांनी दोन्हींची नोंद घेतली.

आता तुम्ही म्हणाल, गाडी गॅरेजात न्यायची. नेली. गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे, आणि गॅरेजच्या तोंडाशी असा चढ आहे की गाडीनं नुसतं नाक पुढे केलं आणि 'खर्रर' झालं. गॅरेजवाला बाहेर आला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "उचलून आणा." मग जॅक लावावा, तर गाडीखाली जॅक जाईना. म्हणजे गाडी उचलायला जॅक हवा, आणि जॅक घालायला गाडी उचलायला हवी. दुकानात तयार लोखंडी उतार मिळतात, चाकाखाली ठेवायचे. पण चाक तिथे पोचायच्या आधी गाडीचा खालचा ओठ पोचायचा. गाडी अशी होती की प्रत्येक ठिकाणी ती स्वतःच्या आधी पोचायची.

तेव्हा घरीच उतार करायचा असं ठरलं. ठरवलं एकट्या धाकट्यानं, आणि या गोष्टीतला एकट्यानं घेतलेला हा शेवटचा निर्णय. वखारीतून फळ्या आल्या, अंगणात करवत चालू झाली, आणि करवतीचा आवाज ऐकून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कंपासकाका प्रकट झाले.

कंपासकाकांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. आता निवृत्त झाल्यावर काढायला काही उरलं नव्हतं म्हणून ते लोकांच्या चुका काढायचे. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना भारी हौस. उंट नसल्यामुळे गॅलरीतून हाकत.

"काय रे करतोयस?"

"उतार करतोय, काका."

"चढ म्हण. गाडी चढणार ना त्यावरून?"

"उतरणार पण आहे."

"ते नंतरचं. आधी कोन किती धरलायस ते सांग."

धाकट्यानं कोन धरलेला नव्हता. त्यानं फळी धरली होती. काका कोनमापक घेऊन खाली आले आणि त्यांनी गाडीच्या नाकापासून चाकापर्यंत माप घेऊन जाहीर केलं की उतार आहे याच्या दुप्पट लांब पाहिजे. केला. ओठ टेकला. अजून लांब. तरी टेकला. "कोन म्हणजे कोन असतो," काका म्हणाले. हे कुणालाच नाकारता येईना. वखारवाला फळ्यांची दुसरी फेरी घेऊन आला तेव्हा त्यानं विचारलं, "पूल कुठून कुठपर्यंत आहे?"

अखेर अशी दोन लांबच लांब फळकुटं तयार झाली, दोन चाकांसाठी दोन, मधे माणूस आडवा होईल एवढी फट. कोन एकदम निवांत. इतका की मुंगीलाही आपण चढतोय हे कळलं नसतं. फक्त एवढ्या लांबीनंतर जे वरचं टोक येतं ते टेकवायचं कशावर, हा प्रश्न होता. विटा रचल्या, डुगडुगल्या. ठोकळे रचले, तेही डुगडुगले.

या क्षणी सेक्रेटरी आले. सेक्रेटरींचं नेहमीचं वाक्य म्हणजे "हे सोसायटीच्या जागेत चाललंय." ते त्यांनी म्हटलं. पण मग त्यांचंही लक्ष त्या डुगडुगण्यावर गेलं, आणि दुसऱ्याचं काम अडलेलं बघून माणसाला जी एक ऊर्मी येते ती त्यांना आली.

"एवढे ठोकळे कशाला रचतोस? व्हरांडा आहे की! पक्का स्लॅब. टेकव कडेला."

बिल्डिंगच्या पुढे पायऱ्या चढून गेलं की व्हरांडा लागतो. तिथे लिफ्ट, तिथेच टपालाच्या पेट्या. पायऱ्यांच्या बाजूला व्हरांड्याची एक कड उघडी आहे. तिला फळकुटं टेकवायची, गाडीची पुढची चाकं कडेजवळ येतील एवढीच चढवायची, आणि मधल्या फटीत आडवं होऊन नट खोलायचा. कल्पना वाईट नव्हती. आजही धाकटा म्हणतो, कल्पना वाईट नव्हती.

संध्याकाळी गाडी चढवायला सगळी बिल्डिंग जमली. माणसाचा स्वभावच आहे, कुणी गाडी मागेपुढे घेताना दिसला की बघणाऱ्याचा हात आपोआप वर जातो आणि बोटं हलायला लागतात. इथे तर हातांचं जंगल झालं. "येऊ दे, येऊ दे!" सेक्रेटरी समोर उभे. "जरा डावी!" कंपासकाका गॅलरीतून, पण डावी त्यांची. "सरळ, सरळ, घाबरू नकोस," वहिनी, जी स्वतः घाबरून डोळे मिटून उभी होती. दादा ऑफिसात होता. तो असता तर... पण तो नव्हता.

आता अशा प्रसंगी 'येऊ दे' कुणीही म्हणतो. 'बास' म्हणायला मात्र अधिकार लागतो. सेक्रेटरींना वाटलं, कोन काकांचा, बास काका म्हणतील. काकांना वाटलं, व्हरांडा सोसायटीचा, बास सेक्रेटरी म्हणतील. वहिनीचे डोळे मिटलेले. आणि धाकट्याला त्या गाडीत बसल्यावर बॉनेटपलीकडचं जग दिसत नव्हतं, फक्त आभाळ आणि सेक्रेटरींचे हात दिसत होते, आणि ते म्हणत होते ये. तो येत गेला. पुढची चाकं कडेवरून वर आली, पोटाखाली काहीतरी हलकेच पुसल्यासारखं झालं, मागची चाकंही वर आली, आणि गाडी टपालपेट्यांपुढे अशी जाऊन उभी राहिली की जणू पत्र आलंय का बघायला आली आहे.

"बास!" सगळे एकदम ओरडले. आणि टाळ्या पडल्या.

धाकटा उतरला आणि त्यानं खाली वाकून बघितलं. गाडी आणि फरशीमधे तेवढीच फट होती जेवढी आधी गाडी आणि अंगणामधे होती. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी जमिनीला होती तितकीच चिकटून राहिली होती. फक्त जमीन वर आली होती.

"लगेच मागे घेतो," तो म्हणाला.

"अंधार पडतोय," कंपासकाका म्हणाले. "मागे घेताना दिसणार नाही. सकाळी घे. घाई कसली?"

धाकट्यानं ऐकलं. ऐकण्याचा त्याला लहानपणापासून रोग आहे.

सकाळी तो किल्ली घेऊन खाली आला तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि आतून चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मास्तरीणबाई बाहेर आल्या.

मास्तरीणबाईंनी या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना सुधारलं होतं. पाय गेल्यापासून त्या वरच होत्या. लिफ्ट होती, पण लिफ्ट व्हरांड्यात थांबायची आणि पुढे पायऱ्या. पायऱ्यांशेजारी उतार करण्याचा विषय कमिटीपुढे इतकी वर्षं 'विचाराधीन' होता की विचार करणारे दोन अध्यक्ष त्या विचारात वारले होते. आता करवतीचा, फळ्यांचा, टाळ्यांचा वृत्तांत मोलकरणीकडून ऐकून बाई स्वतः बघायला आल्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. त्यांनी उताराकडे बघितलं.

"हा कुणी केला?"

"मी, बाई."

"तू?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुझ्याकडून काही सरळ होईल असं मला कधी वाटलं नव्हतं."

"तिरकाच आहे, बाई."

दोन फळकुटांमधल्या फटीवर काय टाकायचं, तर सेक्रेटरींनी आपल्या घराचं जुनं दार आणलं. दाराला पाहायचं भोक तसंच होतं आणि 'कृपया एकदाच बेल वाजवा' ही पाटीही. त्या दारावरून बाई खाली उतरल्या. स्वतः चाकं ढकलत, कुणाला हात लावू न देता, थेट फाटकापर्यंत. फाटकाशी थांबून त्यांनी रस्ता बघितला, बराच वेळ. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. धाकट्याचेही आले, पण त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण त्याचं त्यालाच ठरवता येईना. हातात किल्ली होती. ती त्यानं खिशात टाकली.

मग दुष्काळात तेरावा महिना यावा तसे पालिकेचे साहेब आले. व्हरांड्यात मोटार उभी आहे अशी तक्रार गेली होती. कुणी केली ते कळलं नाही, पण अर्जातले कोन फार अचूक होते म्हणतात. साहेबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वहीत काहीतरी कडक लिहिलं, आणि जाता जाता त्यांची नजर उतारावर पडली. त्यांनी टेप काढली. मापलं. पुन्हा मापलं. मग ते तिथेच पायरीवर बसले.

"कुणी बांधला?"

"मी, साहेब. पण लगेच काढतो."

"काढता?" साहेबांचा आवाज घोगरा झाला होता. "अहो, खुर्चीसाठी असा कोन ठेवावा म्हणून आमच्या नियमावलीत चित्र आहे. मी नोकरीला लागल्यापासून ते फक्त चित्रातच बघितलंय."

"पण मी तो गाडीचं नाक घासू नये म्हणून..."

"कशासाठी का असेना. तात्पुरता आहे की कायम? तात्पुरता असेल तर आज काढा. कायम असेल तर कठडा लावा."

"तात्पुरता," धाकटा म्हणाला.

"कायम," सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे बघितलं आणि ज्याचे केस पिकलेले होते त्याचं लिहून घेतलं. मग त्यांनी धाकट्याची पाठ थोपटली. ती टाळ्यांची गोष्ट इथे घडली असती, पण ती घडलेली नाही असं आपलं ठरलंय.

"आणि ही गाडी ताबडतोब हलवायची," साहेब म्हणाले.

"हलवायला उतार लागेल, साहेब."

"आहे की!"

"कठडा लावल्यावर गाडी त्यात मावणार नाही."

"मग आधी हलवा."

"हो साहेब, संध्याकाळी ऑफिसातून आलो की..."

जिन्यातला बल्ब बदलायला जी कमिटी तीन सभा घ्यायची तिनं धाकटा ऑफिसातून यायच्या आत कठडा बसवला. दोन्ही बाजूंनी, खुर्चीच्या मापाचा, बोल्ट आवळून, वर रंगाचा हातही. 'रंग ओला आहे' ही पाटी वाचत धाकटा बराच वेळ उभा राहिला. पलीकडे, टपालपेट्यांपुढे, लाल गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली वहिनीनं ठेवलेल्या ताटात ऑइलचा एक एक थेंब पडत होता.

सेक्रेटरी माणूस तसा वाईट नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "बोल्टच आहेत. तासाभराचं काम. पण वापरणाऱ्याची हरकत नसली पाहिजे, नाहीतर उद्या मला विचारतील. बाईंना विचार. त्या हो म्हणाल्या की मी स्वतः पाना घेऊन येतो. तुझी चकतीही बसव, फळकुटावर गाडी थांबवून. दोन कामं होतील."

म्हणजे सगळं एका 'हो'वर आलं होतं. रविवार, तलाव, तू चालव. धाकटा बाईंकडे गेला. बाई व्हरांड्यातच होत्या. आता त्या दिवसभर तिथेच असायच्या; गाडीशेजारी खुर्ची लावून लिफ्टचं दार कोण आपटतं, चपला कोण कशा काढतं, कुणाला पत्रं कुठून येतात यावर देखरेख करायच्या. बिल्डिंगची शिस्त सुधारली होती आणि जो तो धाकट्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता.

"बाई, एक विचारायचं होतं."

"नखं कापलीस का? दाखव."

त्यानं दाखवली. नखांत ऑइल होतं. बाई त्यावर बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अरे, काल मी नाक्यापर्यंत गेले. एकटी. कोपऱ्यावरचं ते वह्यांचं दुकान गेलं का रे? तिथे आता चष्म्याचं आहे. मला कुणी सांगितलंच नाही. वर बसून मी आपली रोज धरून चालले होते की ते आहे." मग जरा थांबून, "उद्या पलीकडच्या बागेपर्यंत बघते. तू काय विचारत होतास?"

धाकट्यानं बाईंकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं.

"काही नाही, बाई."

"मग उभा का आहेस?"

गाडी खाली कधी येणार असं दादानं संध्याकाळी विचारलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "कमिटी नाही म्हणते." हे त्यानं इतकं चटकन सांगितलं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. दादा खोक्यांना दोरी बांधत होता. त्यानं गाठ मारली, वर बघितलं आणि म्हणाला, "बघू." दादाचं 'बघू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा बघत नाही.

रविवारी सकाळी दादा गाडीपाशी आला. नेहमीसारखं वाकून बघितलं, ओलांडायला काही नव्हतं. मग तो दुसऱ्या बाजूच्या सीटवरचं फडकं उचलून तिथे बसला. "बस," तो धाकट्याला म्हणाला. धाकटा स्टिअरिंगमागे बसला. समोर काचेतून टपालपेट्या दिसत होत्या, नावांसकट.

"क्लच दाब. पहिला टाक. अलगद. हां." दादा समोर बघत होता. "दुसरा. ढकलू नकोस, तो आपला आपण जातो."

धाकट्यानं बंद गाडीचा दुसरा टाकला. तिसरा टाकला. चौथ्याला दादा म्हणाला, "बरा चालवतोस." आणि तेवढ्यात बाहेरून बाईंनी काचेवर टकटक केलं. "हॉर्न वाजवू नका. आठच्या आत हॉर्न नको." दोघंही एकदम "नाही बाई" म्हणाले आणि एकदम हसले, आणि मग हसणं संपल्यावर काय करायचं ते दोघांनाही कळलं नाही. दादानं फडकं घडी करून डॅशबोर्डवर ठेवलं.

दुपारी तो भाड्याच्या मोटारीनं गेला, वहिनीच्या मांडीवर कुंडी आणि त्याच्या मांडीवर पंखा. किल्ली धाकट्याला दिली. "आलो की बघू," म्हणाला.

धाकटा फाटकापाशी उभा होता. बाई बागेकडून परत येत होत्या. त्यांनी खुर्ची त्याच्याशेजारी थांबवली.

"दादा गाडी नाही घेऊन गेला?"

"कठडा आहे ना, बाई."

"मग काढायचा! तासभर वर बसले असते मी. इतकी वर्षं बसले, एक तास जड होता का मला? तोंड नव्हतं का विचारायला?" आणि मग, पहिल्यांदाच जरा हळू आवाजात, "काल विचारत होतास ते हेच का रे?"

धाकट्यानं खिशातली किल्ली चाचपली. बाई उतार चढून वर गेल्या, 'कृपया एकदाच बेल वाजवा' या पाटीवरून.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या पेटीत एक अर्ज मिळाला. तो कमिटीपुढे आहे. विचाराधीन.

"मा. सेक्रेटरी यांस. विषय: मागील रविवार परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदार या इमारतीचा रहिवासी असून मागील रविवार त्याने प्रत्यक्षात वापरलेला नाही. सदर रविवार सकाळच्या भागात जवळजवळ नवाच आहे. कठडा तासभर काढण्यास मास्तरीणबाईंची हरकत नाही. तसे त्यांनी तोंडी कळवले आहे, फक्त ते अर्जदाराने विचारल्यानंतर नव्हे. अर्जदाराच्या दादांची संमती फोनवर मागितली असता ते 'बघू' म्हणाले. तलाव जागेवर आहे, खात्री करून घेतली आहे. तरी विशेष बाब म्हणून सदर रविवार, पूर्ण शक्य नसल्यास निदान सकाळपुरता, अर्जदारास व त्याच्या दादास एकत्रितपणे परत मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती."